हायस्कुलांतलें पहिलें वर्ष

(कोऱ्हाळे बुद्रुक येथें, शाळा उघडण्याच्या आधींच्या आठवड्यांत, पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



सभा रात्रीं जेवणानंतर ठेवलीत हें फार बरें केलें. दिवसां ठेवली असती तर पाटाचें पाणी सोडून, भाता थंड ठेवून किंवा अर्धें शिवण मशिनीखालीं टाकून येथें कोण आलें असतें? मागें आयाबाया बसल्या आहेत, त्यांनीं थोडें पुढें सरकावें. आजचा विषय बापांपेक्षां त्यांच्याच जास्त उपयोगाचा आहे. पोर शाळेंतून तोंड पाडून आलें कीं हंसत आलें, हें पहिल्यानें चुलीपाशींच कळतें.

येत्या आठवड्यांत या गांवचीं आणि वाड्यावस्त्यांवरचीं मुलें हायस्कुलांत पहिलें पाऊल टाकतील. ज्यांची जिल्हा परिषदेची शाळा चौथीला संपली तीं पांचवींत जातील, ज्यांची सातवीला संपली तीं आठवींत. कोणी जवळच, कोणी वडगांव निंबाळकरला, कोणी सोमेश्वरनगरला, तर कोणी एसटीनें थेट बारामतीस. मला बोलावणाऱ्यांनीं सांगितलें कीं, 'विद्येचें महत्त्व' यावर दोन शब्द बोला. मीं म्हटलें, तें महत्त्व आतां कोणाला सांगावयाचें राहिलें आहे? गाय विकून पोराचें नांव घालणारीं माणसें याच सभेंत बसलीं आहेत. नांव घालण्यापर्यंत आपण सर्व शहाणे झालों. पण नांव घातलें म्हणजे काम झालें असें समजून जून महिन्यांत आपण जी पाठ फिरवितों, ती एकदम दिवाळीला गुणपत्रक आल्यावर वळते. बी पेरून चार महिने शेताकडे न फिरकणारा कुणबी तुम्हीं कधीं पाहिला आहे काय?

आपणांस वाटतें कीं पोर नापास होतें आणि मग शाळा सोडतें. मीं मास्तरकी केली तेवढ्या वर्षांत मला उलटें दिसलें. पोर मनानें पहिल्या दोन-तीन महिन्यांतच सुटलेलें असतें. नापासाचा शिक्का मागाहून बसतो. त्या दोन-तीन महिन्यांत त्याला धरून ठेवण्याचें काम शाळेचें तर आहेच, पण तितकेंच तें तुमचें आहे, आणि वरच्या वर्गांत शिकणाऱ्या तुमच्याच थोरल्या मुलांचें आहे. आज मी एवढेंच सांगावयास आलों आहें.

मी स्वतः लोहाराचा मुलगा. गांव कोणतें, शाळा कोणती, हें सांगत नाहीं. ते मास्तर आतां हयात नाहींत आणि त्यांचें माझें वैरहि नव्हतें. आमच्या गांवच्या शाळेंत एकच गुरुजी. सकाळीं घंटा झाली कीं शाळा भरली, संध्याकाळीं घंटा झाली कीं सुटली. हायस्कुलांत पहिल्या दिवशीं पस्तीस मिनिटांनीं घंटा झाली आणि मास्तर पुस्तक मिटून बाहेर गेले. मी आणि माझा चुलतभाऊ दप्तरें उचलून चार मैल चालत घरीं आलों! बापानें भात्यावरून डोळे वर करून विचारलें, "एवढ्यात सुटली व्हय रं?" आम्ही म्हणालों, "घंटा झाली." तो बिचारा काय बोलणार? त्यानेंहि हायस्कूल आंतून पाहिलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हां दोघांना बांकावर उभें केलें, 'पळपुटे' असें नांव ठेवलें, आणि सारा वर्ग हंसला. 'बाळांनो, येथें घंटेगणिक विषय बदलतो, मास्तर बदलतो, तुम्ही बसून राहावयाचें', एवढें कोणी सांगितलें असतें तर काम झालें असतें. सांगणारें कोणी नव्हतें. तिसऱ्या दिवशीं चुलतभाऊ उठलाच नाहीं. पोटांत दुखतें म्हणाला. चौथ्या दिवशीं डोकें दुखलें. आठवड्यानें चुलत्यानें त्याच्या हातांत घण दिला. मला मात्र आमच्याच गांवचा, वरच्या इयत्तेंतला एक सुताराचा मुलगा सायकलवर घालून घेऊन गेला. मधल्या सुटींत त्यानें मला आपल्याजवळ बसवून भाकरी खायला लावली. पाणी कोठें, मुतारी कोठें, कोणते मास्तर रागीट आणि कोणते नुसते आवाजाचे, हें सगळें त्यानें एका दिवसांत दाखवून दिलें. चुलतभाऊ माझ्याहून हुशार होता. नांगराच्या फाळाला किती लोखंड लागेल तें तो नुसत्या नजरेनें सांगे. पण सायकलवर मागें जागा एकाचीच होती. मी मास्तर झालों, तो जन्मभर घण मारीत राहिला. घण मारण्यांत कमीपणा आहे असें लोहाराचा मुलगा तरी म्हणणार नाहीं. पण तो त्यानें निवडला नव्हता.

ही अडचण कांहीं माझ्या एकट्याची नव्हे. पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें, त्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी होतीच; पण शिक्षक कसा असावा हेंहि त्यांनीं मांडलें होतें. तो शेतकरीवर्गांतला असावा, मुलांत मिसळणारा असावा, आणि वेळ पडली तर नांगराला किंवा सुताराच्या वाकसाला हात लावण्याची त्यास लाज वाटूं नये, असा त्यांचा आग्रह होता. शाळा परकी वाटली कीं पुस्तक मिटलेलेंच राहतें, हें जोतीरावांनीं ओळखलें होतें. शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून कोल्हापुरांत एकामागून एक वसतिगृहें उभीं केलीं, त्यांतहि हीच दृष्टि होती. शहरांत शाळा होती. खेड्यांतल्या पोराला संध्याकाळीं परत जाण्यास घर नव्हतें.

आणि ७ नोव्हेंबर १९०० हा दिवस तर हायस्कुलांत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलास सांगितला पाहिजे. त्या दिवशीं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत इंग्रजी पहिलींत एक मुलगा दाखल झाला. पटावर नांव पडलें भिवा रामजी आंबेडकर. साताऱ्यांतल्या शाळेच्या दिवसांविषयीं बाबासाहेबांनीं पुढें स्वतः लिहून ठेवलें आहे. वर्गांत कोपऱ्यांत वेगळ्या तरटावर बसावयाचें, तें तरट झाडणारा नोकर शिवणार नाहीं म्हणून संध्याकाळीं घरीं न्यावयाचें व सकाळीं परत आणावयाचें, आणि तहान लागली तर शिपायानें नळ उघडल्यावांचून पाणी प्यावयाचें नाहीं. ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रांत 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं शाळेंत भाषणें होतात, तीं व्हावींत. पण माझी विनंती अशी कीं, त्या दिवशीं वर्गांत फिरून एवढें पाहावें: कोणतें मूल आजहि एकटें बसतें? तरट गेलें, कायद्यानें गेलें, फार चांगलें झालें. परंतु पहिल्या दिवशीं नवीन मुलाला पहिला प्रश्न कोणता विचारतात? "तुझं आडनांव काय?" आणि आडनांव ऐकल्यावर बांकावर जागा होते किंवा होत नाहीं. हें मुलांना आपल्या घरांतूनच शिकवून पाठविलेलें असतें; मास्तरांना दोष देण्यापूर्वीं आपली ओसरी आधीं पाहावी.

कर्मवीर भाऊराव पाटलांचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेंच थांबलें. म्हणूनच कीं काय, अडखळणाऱ्या पोराचें मन त्यांना बरोबर कळे. १९१९ सालीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग सुरू केलें, आणि १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहूंचें नांव मिळालें. त्या बोर्डिंगांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र रांधीत आणि एका पंक्तीला जेवीत. नवीन मुलगा आला कीं त्याच्या हातांतहि काम येई. पाणी भरणें, पीठ मळणें, झाडणें. ज्याच्या बरोबर रोज पीठ मळावें लागतें त्याला परका मानणें कठीण जातें. धान्य संपलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं मंगळसूत्रसुद्धां मोडलें, ही गोष्ट तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. मला त्यांतला त्याग जितका मोठा वाटतो तितकीच दुसरीहि गोष्ट मोठी वाटते: पोर उपाशी आहे हें घरांतल्या बाईला त्याच दिवशीं कळत होतें. आपल्याला आपल्या पोराचें कळायला दिवाळी उजाडते.

आतां कामाचें बोलूं.

घंटेची गोष्ट सांगितलीच. आज मुलें टीव्ही पाहतात, मोबाईल पाहतात, त्यांना घंटा कळते. पण एका गुरुजींच्या जागीं सात-आठ मास्तर येतात, प्रत्येकाची वही वेगळी, प्रत्येकाचा अभ्यास वेगळा, आणि एकालाहि मुलाचें नांव पहिला महिनाभर पाठ नसतें. जिल्हा परिषदेच्या शाळेंत गुरुजी विचारीत, "काय रे, तुझ्या आईचा ताप उतरला का?" येथें तें विचारणारें कोणी नाहीं. पोराला वाटतें, आपण आलों काय, न आलों काय, कोणाला कळतें? हा विचार फार घातकी आहे. म्हणून पहिल्या पंधरवड्यांत बापानें किंवा आईनें एकदां शाळेंत जाऊन वर्गशिक्षकांना भेटून यावें. तक्रार घेऊन नव्हे. "हा माझा मुलगा, अमुक वस्तीवरून येतो, सकाळीं धारा काढून निघतो म्हणून कधीं पांच मिनिटें उशीर होतो", एवढेंच सांगावें. कपडे धुतलेले नसले तरी चालेल, हाताला ग्रीस असलें तरी चालेल. मास्तरांच्या लेखीं पटावरचा एक आंकडा होता, त्याचा एक मुलगा होतो. भेटीस गेल्यावर मात्र "मारा हवें तेवढें, फक्त डोळा सांभाळा" असलें कांहीं बोलूं नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत मारणें आणि मनाला लागेल असा छळ करणें, दोन्हीला मनाई आहे. सरकारनें जें बंद केलें त्याचा परवाना आपण कां द्यावा?

दुसरी अडचण भाषेची, आणि तींत मला जरा थांबावयाचें आहे. आमच्या वेळीं 'इंग्रजी पहिली' ही एक भिंत होती. मराठी शाळेंतला हुशार मुलगा तिला धडकून परत येई. पुढें २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवूं लागले, भिंत पडली असें वाटलें. पण ती पडली नाहीं, नुसती पुढें सरकली. आतां पुष्कळ हायस्कुलांत 'सेमी इंग्रजी'ची तुकडी असते. तिच्यांत गणित आणि विज्ञान इंग्रजींतून. सातवीपर्यंत ज्यानें क्षेत्रफळ, परिमिती, अंश, छेद, वर्गमूळ हे शब्द घोकले, त्याच्या कानावर एके दिवशीं एरिया, पेरिमीटर, न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, स्क्वेअर रूट येऊन आदळतात. त्याला गणित येत असतें. शब्द येत नाहीं. मास्तर विचारतात, तो गप्प बसतो, आणि गप्प बसणारा तो 'ढ' ठरतो. महिनाभर ढ म्हणवून घेतलें कीं पोराला स्वतःलाच तें खरें वाटूं लागतें.

यावर उपाय पैशाचा नाहीं. एक दोनशेपानी वही घ्यावी, मधोमध रेघ मारावी, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द देवनागरींत आणि त्याखालीं इंग्रजी अक्षरांत. रोज पांच शब्द. ज्या घरांत थोरला भाऊ किंवा बहीण तीच इयत्ता पार करून गेली असेल तेथें ही वही तयारच असेल; ती रद्दींत घालूं नका, शेजारच्या पोराला द्या. आणि सेमी इंग्रजींत घालावें कीं मराठींत, हें शेजाऱ्यानें घातलें म्हणून ठरवूं नका; पोराला विचारा. मराठींतून गणित शिकलेला मुलगा मागें पडतो असा कोठेंहि दंडक नाहीं.

कोणी म्हणेल, आम्ही अडाणी, आम्ही कसलें गणित शिकविणार? मी सांगतों. गुंठा म्हणजे काय? तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. ३३ ला ३३ नें गुणलें कीं १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हें तुम्हांला झोपेंतहि येतें. पोराला बांधावर उभें करा, पावलांनीं मोजूं द्या, आणि सांगा कीं तुझ्या पुस्तकांत ज्याला एरिया म्हणतात तो हा, आणि सभोंवार तारेचें कुंपण घालायला जेवढी तार लागेल तो पेरिमीटर. सुतारानें चौकटीचा काटकोन कसा जमवितात तें दाखवावें: एका बाजूस तीन फूट, दुसऱ्या बाजूस चार फूट, आणि तिरपें बरोबर पांच आलें कीं कोपरा साधला. हायस्कुलांत हाच पायथागोरसचा सिद्धांत म्हणून शिकवितात आणि पोरें रात्रभर घोकतात. जें बापाच्या हातांत आहे तेंच पुस्तकांत आहे असें एकदां पोराला दिसलें, म्हणजे त्याला पुस्तकाची भीति राहत नाहीं आणि बापाची लाजहि वाटत नाहीं. कारण हायस्कुलांत गेल्यावर पोरांना आपल्या घराची लाज वाटूं लागते, हेंहि मी पाहिलें आहे. बाजाराच्या दिवशीं शाळेच्या वाटेवर टोपल्या घेऊन बसलेली आई दिसली कीं पोर दुसऱ्या बाजूनें जातें. त्याला रागावून उपयोग नाहीं.

मोबाईलची एक नवी आफत आहे. अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो. फोन घरांत एक, तो बापाच्या खिशांत, आणि बाप फडांत. रात्रीं नऊला बाप येतो तेव्हां पोर झोपलेलें. सकाळीं वर्गांत, "अभ्यास कां केला नाहीं?" पोर काय सांगणार? यावर दोन वाटा आहेत. घरीं आल्यावर पहिल्यानें फोन पोराच्या हातांत द्या, अर्धा तास, तुमच्या डोळ्यांसमोर. नाहींतर वस्तीवरच्या चार घरांनीं मिळून ठरवावें कीं ज्याच्या घरीं संध्याकाळीं फोन असतो त्याच्याकडे जाऊन चौघांनीं उतरवून घ्यावें. तेंहि जमत नसेल तर वर्गशिक्षकांस स्पष्ट सांगावें कीं अभ्यास फळ्यावर लिहून द्या. ही भीक नव्हे.

मुलींच्या आयांना आतां थोडें सांगतों. बापांनीं खालीं पाहण्याचें कारण नाहीं, त्यांनींहि ऐकावें. मुलगी शहाणी होते ती बहुधा याच एक-दोन वर्षांत. शाळा नवी, मास्तर नवे, मुतारीला दार आहे कीं नाहीं ठाऊक नाहीं. अशा वेळीं मुलगी कोणाला कांहीं न बोलतां महिन्याचे तीन-चार दिवस घरीं बसते. वर्षाचे किती झाले मोजा. गणिताचा एक धडा त्याच दिवसांत होऊन जातो, पुढचा त्याच्यावर उभा असतो, आणि मग मुलगी म्हणते, मला गणित येत नाहीं. तेव्हां शाळा उघडण्याआधीं आईनें मुलीशीं बोलून ठेवावें, दप्तरांत कपडा किंवा पॅड ठेवून द्यावें, आणि पालकांच्या सभेंत उघड विचारावें कीं मुलींचें वेगळें स्वच्छतागृह आहे काय, त्यास कडी आहे काय, पाणी आहे काय. वेगळें स्वच्छतागृह असलेंच पाहिजे असें कायद्यांत लिहिलें आहे. पांचवीपासून बारावीपर्यंतच्या खेड्यांतल्या मुलींना शाळेपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नांवानें ती योजना आहे. तो पहिल्याच आठवड्यांत काढून घ्यावा. "पास काढायचा राहिला" म्हणून घरीं बसलेली मुलगी श्रावणापर्यंत घरींच बसते, आणि शाळा सोडून घरीं बसलेल्या मुलीला स्थळ फार लौकर येतें. अठरा वर्षांच्या आंत मुलीचें लग्न करणें गुन्हा आहे हें सर्वांना ठाऊक असूनहि येतें. याहून जास्त मी बोलत नाहीं.

आतां ज्यांच्यासाठीं या सभेंत कोणी बसलेलें नाहीं त्यांच्याविषयीं. तुमच्या मुलांची शाळा जूनमध्यें भरते. कांहीं मुलांची ती नोव्हेंबरांत भरते. सोमेश्वर, माळेगांव, छत्रपति या कारखान्यांचीं धुराडीं पेटलीं कीं बीडकडून, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, कोप्या पडतात, आणि त्यांच्याबरोबर बारा-तेरा वर्षांचीं मुलें येतात. गांवीं त्यांचें नांव सहावी-सातवींत, आठवींत असतें. इकडे तीं धाकट्या भावंडाला सांभाळतात किंवा आईबापाच्या मागें मोळ्या बांधतात. एखादें मूल धीर करून शाळेच्या फाटकापर्यंत जातें, तर दाखला विचारतात. मायबापहो, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला दाखला आला नाहीं एवढ्या कारणावरून दारांत थांबवितां येत नाहीं; आधीं वर्गांत बसवावयाचें, दाखला मागाहून येईल, असाच कायदा आहे. गांवच्या शाळेचें शिक्षण हमीपत्रक असेल तर उत्तमच. पण हें त्या टोळीला कोण सांगणार? मुकादम सांगेल काय? त्याला उचल फिटण्याशीं काम. तुमचा ऊस तोडायला टोळी आली कीं तुम्ही विचारतां, किती कोयते आहेत? त्याच वेळीं हेंहि विचारा, शाळेचीं पोरें किती आहेत? आणि तुमच्या स्वतःच्या मुलाबरोबर त्यांतलें एक तरी पाठवा. तुमचा मुलगा त्याला 'कोपीवाला' म्हणाला तर तेथल्या तेथें थांबवा. मला ठाऊक आहे, कोणी मनांत म्हणत असेल, मास्तर, मोळी वाहायला तेवढाच हात होतो. त्या हाताची मजुरी तुम्ही कोणत्या वहींत लिहितां, हें मला एकदां दाखवा.

एक खर्चाची गोष्ट, ती पुष्कळांना ऐन वेळीं कळते. आठवीपर्यंत सरकारी व अनुदानित शाळेंत पुस्तकें फुकट, दुपारचा आहार फुकट, कायद्याचें संरक्षणहि साधारण तेथपर्यंतच. नववींत पाऊल टाकलें कीं हें सगळें एकदम थांबतें. पुस्तकें विकत, डबा घरचा. म्हणून पुष्कळ पोरें आठवी-नववीच्या उंबरठ्यावर गळतात. त्याची तयारी आठवींतच करावी. राष्ट्रीय शिष्यवृत्तीची एक परीक्षा आठवींतल्या मुलांसाठीं असते, मास्तरलोक तिला एनएमएमएस म्हणतात. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेंतला मुलगा, घरचें वर्षाचें उत्पन्न साडेतीन लाखांच्या आंत, आणि सातवीचे गुण ठरल्याप्रमाणें, अशांना तिला बसतां येतें. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. आठवींत नवीन आलेल्या मुलाला हें ठाऊक नसतें आणि शाळेनें सूचना लावली ती त्यानें वाचलेली नसते. तहसील कचेरींतून उत्पन्नाचा दाखला आतांच काढून ठेवा. तेथें रांगेंत किती दिवस जातात हें मी तुम्हांला सांगावें असें नाहीं.

राहतां राहिलें घरचें बोलणें. "अभ्यास कर, नाहींतर जन्मभर ढेकळं फोडशील", हें वाक्य आपण रोज ऐकवितों. पोर हुशार असतें. त्याला ऐकूं येतें कीं आपला बाप जें करतो तें शिक्षा म्हणून करतो. पहिल्या चांचणींत गुण कमी येतील. येऊं द्या. नवीन जागीं लावलेलें रोप पंधरा दिवस मान टाकतेंच. तेव्हां आपण त्याला शिव्या देत नाहीं, पाणी देतों. त्या दिवसांत पोराला विचारावयाचा प्रश्न "किती पडले?" हा नव्हे. "आज डबा कोणाबरोबर खाल्लास?" हा आहे. उत्तर आलें तर काळजी नाहीं. चार दिवस ओळीनें उत्तर आलें नाहीं, किंवा सकाळीं पोट दुखूं लागलें, तर औषध आणण्याआधीं शाळेंत जाऊन या. माझ्या चुलत्यानें त्या वेळीं ओवा दिला होता.

आतां थोरल्या मुलांकडे वळतों. नववी-दहावीचीं, कॉलेजचीं मुलें भिंतीला टेकून उभीं आहेत, तीं दिसताहेत मला. तुमच्याशिवाय हें होणार नाहीं. आईबाप शाळेच्या फाटकापर्यंत, पुढें तुम्हीच. आम्हीं असें ठरविलें आहे कीं, या वर्षीं हायस्कुलांत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच वाटेवरचा एक दादा किंवा एक ताई नेमून द्यावयाची. मुलीला ताईच. भावकींतला शक्यतों नको, दुसऱ्या आळीचा बरा; त्यामुळें आळी ओलांडण्याची संवय होते. काम फार नाहीं. पहिले पंधरा दिवस बरोबर जावयाचें, बरोबर यावयाचें, मधल्या सुटींत एकदां वर्गावर चक्कर मारावयाची, आणि दोन दिवस पोर दिसलें नाहीं तर घरीं जाऊन विचारावयाचें. चेष्टा कोणी करीत असेल तर मारामारी करावयाची नाहीं, वर्गशिक्षकांस सांगावयाचें. नोव्हेंबरांत टोळ्या आल्या कीं हीच यादी पुन्हां काढावयाची आणि कोप्यांवरून फिरून त्यांतल्या मुलांचीं नांवें घालावयाचीं. तेव्हां कोणी "आतां कशाला" म्हणूं नये म्हणून आजच सांगून ठेवतों.

पहिल्या दिवशीं साडेनऊला सगळ्यांनीं चावडीपुढें जमावें. सायकलवाल्यांनीं आदल्या रात्रीं हवा पाहून ठेवावी. एसटीनें जाणाऱ्यांनीं पासासाठीं लागणारा फोटो आणि आधारची प्रत जवळ ठेवावी. पावसाचा भरंवसा नाहीं, दप्तरावर खताच्या पोत्याचा प्लास्टिक कागद बरा पडतो.

ही वही उजवीकडून फिरवा. पहिल्या रकान्यांत नव्या मुलाचें नांव आणि वस्ती, दुसऱ्यांत शाळा. तिसरा रकाना मोकळा ठेवा, तो थोरल्या मुलांनीं भरावयाचा. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं नुसतें सांगावें, शेजारचा लिहील. लाईट जाण्याच्या आंत तेवढें उरकून घेऊं.